सोडियम-८ हा आकडा कुणीच मोजलेला नाही

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एक आलेख काढला होता. आडव्या अक्षावर समुद्रतळाची खोली, उभ्या अक्षावर सोडियम-८. बिंदू हिंद महासागरातल्या दोन रिजचे, कार्ल्सबर्ग आणि सेंट्रल इंडियन. डेटा पेटडीबी या खुल्या डेटाबेसमधून उतरवलेला. रेषा इतकी छान आली की मी तो आलेख तीन दिवस लॅपटॉपचा वॉलपेपर म्हणून ठेवला. मग ग्रुप मीटिंगमध्ये दाखवला आणि ठोकून दिलं, "जिथे समुद्र खोल तिथे सोडियम जास्त, म्हणजे तिथलं मँटल थंड." मॅडमनी शांतपणे एकच प्रश्न विचारला, "या नमुन्यांत क्लायनोपायरॉक्सिन कधी सुरू झालं?"

मला उत्तर तर सोडाच, त्या प्रश्नाचा माझ्या आलेखाशी काय संबंध हेच कळेना. माझ्या आलेखात क्लायनोपायरॉक्सिन कुठे होतं? तिथे फक्त सोडियम होतं.

तो संबंध कळायला मला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत ज्या पेपरवरून मी तो आलेख उचलला होता तो पहिल्यांदा नीट वाचला, आणि त्यावर इतरांनी केलेली टीकाही. तुमच्यापैकी बरेच जण नेट-गेटच्या तयारीत आहेत, काही जण मुलाखतींना जाणार आहेत. तिथे हा पेपर एका ओळीत पाठ करून सांगितला जातो. ती एक ओळ चुकीची नाही, पण तिच्या पोटात काय काय गृहीत धरलंय ते कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

पेपर १९८७ चा. एमिली क्लाइन आणि चार्ल्स लँगम्युअर, जर्नल ऑफ जिओफिजिकल रिसर्च. विषय: जगभरच्या सागरी रिजवरच्या बेसाल्टचं रसायन, रिजची खोली आणि कवचाची जाडी यांचा परस्परसंबंध. क्लाइन तेव्हा लॅमाँट वेधशाळेत पीएचडी करत होत्या. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे विद्यार्थ्याने अख्ख्या पृथ्वीबद्दल विधान करायचं नसतं असा एक अलिखित नियम आहे.

युक्तिवाद थोडक्यात असा. रिजखाली मँटल वर सरकतं, दाब कमी होतो आणि ते वितळायला लागतं. मँटल जितकं गरम, तितकं ते जास्त खोलवर वितळायला सुरुवात करतं, म्हणजे वर येईपर्यंत त्याला वितळायला लांब रस्ता मिळतो. जास्त वितळलं की शिलारस जास्त, कवच जाड, आणि जाड कवच व गरम, हलकं मँटल यांमुळे रिज उंच, म्हणजे समुद्र उथळ. आता सोडियम. वितळताना सोडियमचा कल घन खनिजात राहण्यापेक्षा द्रवात जाण्याकडे असतो, त्यामुळे तो सुरुवातीच्या थोड्याशा द्रवातच बराचसा निघून येतो. पुढे वितळणं वाढत गेलं की तो पातळ होत जातो, चहात पाणी वाढवल्यासारखा. लोहाचं वेगळं आहे. ते दाबावर अवलंबून असतं, जास्त खोलवर वितळलेल्या द्रवात लोह जास्त. म्हणून गरम मँटलवरच्या उथळ रिजवर सोडियम कमी आणि लोह जास्त, थंड मँटलवरच्या खोल रिजवर नेमकं उलट. आइसलँडच्या उत्तरेची कोल्बेन्से रिज एका टोकाला, कॅरिबियनमधली पाच किलोमीटरहून खोल असलेली मिड-केमन राइज दुसऱ्या टोकाला. मधल्या सगळ्या रिज या दोघींच्या दरम्यान कुठेतरी. निष्कर्ष: मँटल सरासरी ८ ते २० टक्के वितळतं, ५ ते १६ किलोबार दाबावर, आणि रिजखालच्या मँटलच्या तापमानात जागोजागी सुमारे २५० अंश सेल्सिअसचा फरक असू शकतो.

एका पेपरमध्ये समुद्राची खोली, कवचाची जाडी, बेसाल्टचं रसायन आणि मँटलचं तापमान एका धाग्यात ओवलेलं. आजही वाचताना अंगावर काटा येतो. पण हा सगळा डोलारा ज्या आकड्यावर उभा आहे तो सोडियम-८. तो कुठल्याही यंत्रावर दिसत नाही.

दगड समुद्रतळावरून वर येतो तेव्हा तो मँटलमधून निघालेला मूळ द्रव नसतो. वाटेत, कवचातल्या शिलारसाच्या साठ्यात तो थंड होतो आणि त्यातून खनिजं एकेक करून बाहेर पडतात. रिजच्या बेसाल्टमध्ये कमी दाबाला क्रम साधारण ठरलेला: आधी ऑलिव्हीन आणि सोबत थोडं क्रोमियमवालं स्पिनेल, मग प्लॅजिओक्लेज, मग क्लायनोपायरॉक्सिन. खनिजं निघून गेली की उरलेल्या द्रवाचं रसायन बदलतं. मॅग्नेशियम घटत जातं, सोडियम वाढत जातो. त्यामुळे एका रिजवरचा कमी निवळलेला आणि दुसऱ्या रिजवरचा खूप निवळलेला दगड शेजारी ठेवून सोडियमची तुलना केली तर काहीच कळत नाही. क्लाइन आणि लँगम्युअर यांनी उपाय केला तो असा: प्रत्येक दगड मॅग्नेशियम ऑक्साइड ८ टक्के असताना कसा असता ते काढायचं. सूत्र सोपं आहे.

सोडियम-८ = सोडियम ऑक्साइड + ०.३७३ × मॅग्नेशियम ऑक्साइड − २.९८

लोह-८ = लोह ऑक्साइड + १.६६४ × मॅग्नेशियम ऑक्साइड − १३.३१३

करून बघा. २०१३ मध्ये ॲलिसन गेल आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या रिजच्या बेसाल्टची सरासरी काढली. तीत मॅग्नेशियम ऑक्साइड ७.५८, लोह ऑक्साइड १०.४३ आणि सोडियम ऑक्साइड २.७९ टक्के आहे. सूत्रात घातलं की सोडियम-८ येतो २.६४ आणि लोह-८ येतं ९.७३. इथे दुरुस्ती छोटीशीच आहे, सोडियममध्ये ०.१५ ची. पण पेपरमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड ५ ते ८.५ टक्क्यांपर्यंतचे दगड घेतलेत. मॅग्नेशियम ५ टक्के असलेला दगड घ्या. सोडियमची दुरुस्ती ०.३७३ गुणिले ३, म्हणजे १.१२ टक्के. जगभरच्या सोडियम-८ चा एकूण पल्ला साधारण दीड ते साडेतीन टक्के. म्हणजे जो फरक आपण मोजायला निघालोय त्याच्या निम्म्याहून जास्त दुरुस्ती आपणच घालतोय. लोहाची गत याहून वाईट. त्याच दगडाला दुरुस्ती जवळजवळ ५ टक्क्यांची, जगभरच्या एकूण फरकाच्या तोडीची.

दुरुस्ती मोठी आहे म्हणून ती चूक आहे असं नाही, हे लगेच सांगते. मीही आधी तसाच आरडाओरडा केला होता. दुरुस्ती कितीही मोठी असो, तिचा उतार नक्की माहीत असेल तर काही बिघडत नाही. प्रश्न तो ०.३७३ सगळीकडे तोच आहे का, हा. आणि इथेच मॅडमचं क्लायनोपायरॉक्सिन आत येतं.

वहीच्या मागच्या पानावर मी एक कच्चं गणित केलं. ९ टक्के मॅग्नेशियम ऑक्साइड आणि २.५ टक्के सोडियम ऑक्साइड असलेल्या द्रवातून फक्त ऑलिव्हीन काढलं. ऑलिव्हीनमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड पन्नास टक्क्यांच्या जरा खाली, सोडियम जवळपास शून्य. त्यामुळे मॅग्नेशियम धाडकन उतरतं, सोडियम जेमतेम हलतो. उतार येतो सुमारे ०.०६. मग ८ टक्के मॅग्नेशियमवरून ऑलिव्हीन आणि प्लॅजिओक्लेज तीस-सत्तर या प्रमाणात काढले. प्लॅजिओक्लेज मॅग्नेशियम नेत नाही, सोडियम मात्र थोडा नेतं. उतार ०.१३ च्या आसपास. शेवटी तिन्ही खनिजं, त्यात ऑलिव्हीन दहाच टक्के आणि क्लायनोपायरॉक्सिन चाळीस. आता मॅग्नेशियम हळूहळू उतरतं, सोडियम मात्र जमत राहतो. उतार ०.२५ ते ०.३ वर जातो, आणि द्रव आणखी निवळत गेला की त्याहून वर.

हे कच्चं गणित आहे, खनिजांचे घटक मी ढोबळ धरलेत. पण मुद्दा दिसतो. ०.३७३ हा उतार म्हणजे "या द्रवातून क्लायनोपायरॉक्सिनसकट तिन्ही खनिजं बाहेर पडत आहेत" असं एक विधानच आहे. ते आकड्याच्या वेशात लपलंय इतकंच. एखाद्या रिजवर दाब जास्त असेल तर क्लायनोपायरॉक्सिन लवकर सुरू होतं. शिलारसात पाणी जास्त असेल तर प्लॅजिओक्लेजला उशीर होतो. दोन्ही वेळा उतार बदलतो, सूत्र बदलत नाही. समजा एखाद्या जागी खरा उतार ०.३० आहे. मग ५ टक्के मॅग्नेशियमच्या दगडात ०.२२ ची चूक शिरली. एका दगडासाठी हे फार नाही. पण संथ गतीने पसरणाऱ्या, खोल रिजवर शिलारस थंड मँटलात खोलवरच गोठायला लागतो असं मानायला चांगली कारणं आहेत. म्हणजे ही चूक खोलीबरोबर बदलू शकते. खोलीबरोबर बदलणारी चूक खोलीविरुद्धच्या आलेखात रेषा म्हणूनच दिसणार. माझ्या वॉलपेपरवर नेमकं काय होतं, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला.

मग साहजिक वाटतं की दगडाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली घालावा आणि कोणती खनिजं आहेत ते बघावं, वाद संपला. तसं होत नाही, आणि ही या विषयातली सगळ्यात गमतीची भानगड आहे. रिजच्या बेसाल्टचं रसायन ओरडून सांगतं की क्लायनोपायरॉक्सिन बाहेर पडलंय, कारण मॅग्नेशियमबरोबर कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमचं गुणोत्तर घसरत जातं आणि ते एकट्या प्लॅजिओक्लेजने होत नाही. पण छेदात बघाल तर ऑलिव्हीनचे आणि प्लॅजिओक्लेजचे मोठे स्फटिक सापडतात, क्लायनोपायरॉक्सिनचे क्वचितच. याला पायरॉक्सिन पॅराडॉक्स म्हणतात. बहुतेकांचं उत्तर असं की ते खोलवर तयार झालं आणि तिथेच राहिलं. द्रव वर येताना दाब उतरला, त्यामुळे सोबत आलेले थोडे स्फटिकही विरघळले. खालच्या कवचातल्या गॅब्रोमध्ये मात्र ते भरपूर असतं. साउथवेस्ट इंडियन रिजवरच्या ७३५बी या छिद्रातून दीड किलोमीटर गॅब्रो वर काढलाय, त्यात बघून घ्या. थोडक्यात, वर आलेल्या बेसाल्टमध्ये जे खनिज दिसत नाही त्यानेच त्याचं रसायन घडवलंय.

आणि जे दिसतं त्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. कसारा घाटात फील्डला गेला असाल तर थळ घाटाचा तो जायंट प्लॅजिओक्लेज बेसाल्ट आठवेल, ज्यात प्लॅजिओक्लेजचे सेंटिमीटरभर लांबीचे पट्टे कातळात विखुरलेले दिसतात. तो दगड अख्खा कुटून विश्लेषण केलंत तर जे रसायन येईल ते कुठल्याच द्रवाचं नसेल. ते द्रव अधिक गोळा झालेले स्फटिक, असं मिश्रण असेल. समुद्रतळावरही असे स्फटिकांनी भरलेले बेसाल्ट मिळतात, आणि त्यातल्या कित्येकांत प्लॅजिओक्लेजमध्ये कॅल्शियम इतकं जास्त असतं की सोबतच्या द्रवातून ते तयार होणंच शक्य नाही. सुदैवाने समुद्रात एक सोय आहे जी सह्याद्रीत नाही. लाव्हा थंड पाण्याला भिडला की उशीच्या आकाराच्या गोळ्यांची बाहेरची कड क्षणात गोठते आणि काच बनते. ती काच म्हणजे खरा द्रव. इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबने स्फटिक टाळून फक्त काचेवर झोत टाकायचा. पेटडीबीमधून डेटा उतरवताना काच आणि अख्खा दगड वेगळे काढण्याची सोय आहे. मी ती वापरली नव्हती. मला ती दिसलीच नव्हती असं म्हणायला आवडलं असतं, पण मला ती दिसली होती. काच एवढीच निवडली की बिंदू कमी पडत होते, म्हणून मी दोन्ही ठेवले.

आता पेपरवर प्रत्यक्षात झालेल्या टीकेकडे येते. पहिली टीका दोनच वर्षांत आली. १९८९ मध्ये ब्रॉडहोल्ट आणि बाटीझा यांनी विचारलं, तुम्ही प्रत्येक भागातल्या दगडांची सरासरी काढून मग आलेख काढता. सरासरी न काढता एकेक दगड मांडला तर? तसं केलं की बिंदू बरेच विखुरतात आणि संबंध सैल पडतो. यावर क्लाइन आणि लँगम्युअर यांनी त्याच अंकात दिलेलं उत्तर मूळ पेपरइतकंच वाचण्यासारखं आहे. ते म्हणाले, हा विखुरलेपणा गोंगाट नाही, त्याला स्वतःची दिशा आहे. अटलांटिकसारख्या संथ रिजवर एका भागाच्या आत सोडियम-८ आणि लोह-८ बरोबरीने वाढतात. जगभरच्या सरासऱ्यांमध्ये मात्र एक वाढला की दुसरा घटतो. म्हणजे दोन वेगळ्या प्रक्रिया, एक स्थानिक आणि एक जागतिक.

मला हे उत्तर पटतं, पण अर्धंच. सरासरी काढून जे पुसलं जातं त्याचं नाव सांगणं हा प्रामाणिकपणा झाला. पण स्थानिक प्रक्रिया जर उलट्या दिशेची असेल तर सरासरीत किती नमुने कुठून घेतले यावर निकाल हलू शकतो. डझनभर ड्रेज झालेला भाग आणि एकदाच ड्रेज झालेला भाग आलेखावर सारख्याच आकाराचा एक-एक बिंदू होऊन बसतात. ड्रेज म्हणजे जहाजामागे समुद्रतळावरून ओढलेली लोखंडी जाळी. ती कुठे अडकेल ते समुद्र ठरवतो. माझ्या दोन रिजवर हा फरक प्रचंड होता, आणि माझ्या आलेखात तो कुठेच दिसत नव्हता.

दुसरी टीका जास्त खोल जाते. २००८, याओलिंग नियू आणि मायकेल ओ'हारा, जर्नल ऑफ पेट्रोलॉजी. शीर्षक जवळजवळ तेच ठेवलंय, पुढे फक्त "नवा दृष्टिकोन" जोडलाय. ही खोडी आहे, आणि मला आवडली. त्यांचं म्हणणं: ८ टक्के मॅग्नेशियम हा थांबा चुकीचा आहे. मँटलमधून नुकताच निघालेला द्रव मँटलच्या ऑलिव्हीनशी समतोलात असला पाहिजे, आणि ते ऑलिव्हीन साधारण ९० टक्के मॅग्नेशियमच्या बाजूचं असतं. अशा द्रवात मॅग्नेशियम आणि लोह यांच्या रेणूंमध्ये मॅग्नेशियमचा वाटा सुमारे ७२ टक्के येतो. ८ टक्के मॅग्नेशियम ऑक्साइडचा द्रव याच्या आसपासही नसतो.

हेही हाताने करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. दोन द्रव घ्या, दोघांत मॅग्नेशियम ऑक्साइड बरोबर ८ टक्के. एकात लोह ऑक्साइड ८, दुसऱ्यात ११. रेणूभाराने भागलं की, सगळं लोह द्विसंयुजी धरून, पहिल्याचा मॅग्नेशियमचा वाटा येतो ६४ आणि दुसऱ्याचा ५६. म्हणजे दोघांनाही "८ वर आणलं" म्हटलं तरी दुसरा पहिल्यापेक्षा बराच जास्त निवळलेला आहे. आपण त्यांना एका रेषेवर उभं केलंय असं वाटतं, प्रत्यक्षात एक धावपटू पुढे उभा आहे. त्यामुळे लोह-८ मधला जो फरक आपण मँटलमधल्या दाबाच्या खात्यावर टाकला, त्यातला मोठा भाग कवचातल्या स्फटिकीकरणाचाच उरलेला हिशोब असू शकतो. नियू आणि ओ'हारा यांनी दुरुस्ती ७२ पर्यंत मागे नेली तेव्हा लोहाचा पल्ला आक्रसला. त्यावरून ते म्हणतात की तापमानात फार मोठा फरक मानायची गरजच नाही. रिज खोल आहे कारण तिथलं मँटल वेगळ्या घटकांचं, अधिक सुपीक आहे. त्यात ॲल्युमिनियम जास्त, म्हणून खोलवर गार्नेट जास्त, म्हणून ते जड, म्हणून रिज खाली बसलेली. सोडियमही जास्त, कारण मुळातच जास्त होता.

या पेपरच्या पहिल्या अर्ध्या भागाशी मी पूर्ण सहमत आहे. समान मॅग्नेशियम म्हणजे समान टप्पा नव्हे, हे एकदा दिसलं की परत न दिसणं अशक्य. दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल माझी तक्रार आहे. लोहातला तापमानाचा पुरावा कमकुवत झाला याचा अर्थ तापमान सारखं आहे असा होत नाही. पुरावा जाणं आणि उलट बाजू सिद्ध होणं यात फरक आहे. शिवाय ७२ पर्यंत मागे जायचं म्हणजे आणखी लांबची दुरुस्ती. ऑलिव्हीन किती परत मिसळायचं, प्लॅजिओक्लेज कुठे थांबवायचं हे पुन्हा आपणच ठरवणार. आणि मँटलचं ऑलिव्हीन सगळीकडे ९० च आहे असं धरणार, तेही मँटलचे घटक जागोजागी वेगळे आहेत असं म्हणत असताना. ही ओढाताण त्या पेपरमध्ये मला नीट सुटलेली दिसली नाही.

मग यातून बाहेर कसं पडायचं? दगडाचं रसायन दुसऱ्या पद्धतीने दुरुस्त करून पडता येत नाही. ज्याला ही दुरुस्ती लागतच नाही असा पुरावा हवा. २०१४ मध्ये कॉलीन डाल्टन, लँगम्युअर आणि गेल यांनी सायन्समध्ये तेच केलं. भूकंपाच्या आडव्या लहरी गरम मँटलमधून हळू जातात. रिजखालच्या या लहरींचा वेग, रिजची खोली आणि बेसाल्टमधला सोडियम या तिघांची सांगड त्यांनी जगभर घातली आणि तिन्ही एकाच दिशेने बदलतात असं दाखवलं. तापमानातला फरक पुन्हा २५० अंशांच्या घरात. पण एक बारीक गोष्ट बघा. या पेपरमध्ये सोडियम-८ नाही. सोडियम-९० आहे, म्हणजे ९० च्या ऑलिव्हीनशी समतोलापर्यंत मागे नेलेला. निष्कर्ष क्लाइन आणि लँगम्युअरचा टिकला, पद्धत मात्र टीकाकारांच्या मुद्द्याकडे सरकली. हे कुठेही ढोल वाजवून सांगितलेलं नाही, चिन्हाच्या खालच्या आकड्यात आहे.

मला यात आणखी एक साक्षीदार हवा होता, आणि तो मूळ पेपरच्याही आधीचा निघाला. १९८४ मध्ये हेन्री डिक आणि सहकाऱ्यांनी द्रव बाजूला ठेवून वितळून उरलेल्या चोथ्याकडे पाहिलं होतं. समुद्रतळावर काही ठिकाणी मँटलचाच दगड, पेरिडोटाइट, उघडा पडतो. हॉटस्पॉटच्या जवळ त्यात क्लायनोपायरॉक्सिन कमी आणि स्पिनेलमध्ये क्रोमियम जास्त, म्हणजे तिथलं मँटल जास्त वितळलेलं. इथे ०.३७३ ची गरज नाही. खनिजाचा स्फटिक मोजला की झालं. मला हा पुरावा सगळ्यात जास्त भावतो. पण त्यालाही एक फट आहे. तो चोथा आताच्या वितळण्याने तयार झाला की कधीकाळी आधीच वितळून परत आलाय, हे त्या स्पिनेलकडे बघून कळत नाही. आणि ती फट नेमकी नियू आणि ओ'हारा यांच्या बाजूला उघडते.

माझं मत विचाराल तर तापमानात मोठा फरक आहे, आणि मँटलच्या घटकांतही आहे. किती वाटा कुणाचा, हे एकाच रिजच्या बेसाल्टवरून ठरत नाही. मुलाखतीत "सोडियम-८ म्हणजे वितळण्याचं प्रमाण" असं म्हणालात तर बहुधा मान डोलावली जाईल. समोर एखादं खडूस माणूस बसलं असेल तर विचारेल, कोणत्या खनिजांच्या भरवशावर? तेव्हा ऑलिव्हीन, प्लॅजिओक्लेज, क्लायनोपायरॉक्सिन हा क्रम आणि प्रत्येकाचा उतार कागदावर काढून दाखवता आला पाहिजे. मी वर केलेलं गणित स्वतः पुन्हा करा, माझे आकडे घेऊ नका. प्लॅजिओक्लेजमध्ये कॅल्शियम कमी-जास्त करून बघा, उतार कसा हलतो ते.

माझ्या आलेखाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. अख्ख्या दगडांची विश्लेषणं काढून टाकली, फक्त काच ठेवली. ७ टक्क्यांपेक्षा कमी मॅग्नेशियमचे नमुने काढले, म्हणजे दुरुस्ती लहान राहील. बिंदू निम्म्याहून कमी उरले. उरलेल्यांसाठी दोन्ही रिजचा उतार वेगवेगळा काढला आणि तो सारखा निघाला नाही. रेषा अजून आहे, पण आता ती वॉलपेपर करण्यासारखी नाही. कार्ल्सबर्गच्या एका टोकाचे काही बिंदू तिच्यावर बसतच नाहीत. त्या दगडांचे पातळ छेद मी मागवलेत.